कोळंबी, चिंबोरी, शेवंड, जवळा... आणि झुरळ? कोण कोणाचं काय लागतं?

तिरफळ

रविवारी सिटीलाइटच्या बाजारातून कोळंबी, चार चिंबोऱ्या आणि पाव किलो करंदी आणली. ओट्याशी साफ करत होते, आठवीतली लेक शेजारी उभी. तिने विचारलं, "आई, ही सगळी एकाच घरातली का गं?" मी म्हटलं, हो, सगळे कवचधारी. मग ती एकेकाला उचलून बघायला लागली. चिंबोरीला शेपूट का नाही? गेल्या महिन्यात बघितलेल्या शेवंडीला नांग्या का नव्हत्या? जवळा म्हणजे कोळंबीचीच पिल्लं ना? दुसऱ्या प्रश्नानंतर मला नीट सांगता येईना.

त्यात संध्याकाळी धाकटे दीर आले. ते म्हणाले, "अगं, कोळंबी म्हणजे समुद्रातलं झुरळ. हल्ली शास्त्रज्ञच म्हणतात." लेकीने ताट सरकवलं. सासूबाईंनी खास तिच्यासाठी केलेलं कालवण होतं ते. दोन दिवस घरात त्यावरून धुसफुस चालू आहे.

आता तिला या सगळ्यांची वंशावळ काढून भिंतीवर लावायची आहे. शाळेसाठी नाही, तिची हौस. पाठ्यपुस्तकात संधिपाद, त्यात कवचधारी, उदाहरणार्थ कोळंबी आणि खेकडा, एवढ्यावर विषय संपतो. इथे जाणकार आहेत म्हणून विचारते. कोण कोणाला जवळचं, कोण लांबचं? आणि दिरांचं म्हणणं खरं आहे का? खरं असेल तरी चालेल, पण नीट कळायला हवं.

दुपारचा_चहा

वाचतोय. उत्तर काहीही येवो, कोळंबी सोडणार नाही हे आधीच जाहीर करतो.

खाडीकाठ

ताई, मी वेसाव्याचा. जवळ्याचं मी सांगतो. जवळा ही कोळंबीची पिल्लं नव्हेत. डोल जाळ्यात जवळा पडतो तेव्हा त्यात कोळंबीची बारकी पोरंही येतात, म्हणून बाजारात लोकांचा गोंधळ होतो. पण जवळा पूर्ण वाढला तरी साधारण तीन-चार सेंटीमीटरचाच. अंड्यावर आलेला जवळाही तेवढाच असतो. आमच्याकडे आजी सुकत घातलेल्या जवळ्यातून कोळंबीची पोरं बोटाने वेगळी काढायची, नुसत्या पायांवरून ओळखायची. कसं ते मी तिला कधी विचारलं नाही, आता वाटतं विचारायला हवं होतं.

सूक्ष्मदर्शी

तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, आणि बरीचशी प्रात्यक्षिकं बाजारातून आणलेल्या कोळंबीवरच झाली. तेव्हा ओट्यापासूनच सुरुवात करू.

चिंबोरीला शेपूट आहे. तिला उलटी करा. पोटावर झाकणासारखी पट्टी दिसेल, नराची निमुळती, मादीची रुंद. कोळंबीचा जो मागचा भाग आपण खातो, तोच खेकड्यांत चपटा होऊन पोटाखाली दुमडला गेलाय. मादीची पट्टी उघडलीत की आत केसाळ पाय दिसतील; कोळंबी ज्यांनी पोहते तेच हे पाय, खेकडीण त्यांना अंडी चिकटवते.

कोळंबी, जवळा, चिंबोरी, शेवंड आणि शंखात राहणारा खेकडा हे सगळे दशपाद. पायांच्या पाच जोड्या. चिंबोरीच्या नांग्या म्हणजे त्यातलीच पहिली जोडी. खाडीकाठ, तुमच्या आजींचं उत्तर बहुधा इथे आहे. जवळ्यात मागच्या दोन जोड्या उरलेल्याच नाहीत. दशपादांच्या घरातला असून त्याला चालायचे पाय सहाच. कोळंबीच्या पिल्लाला दहा असतात.

आता दशपादांची पहिली मोठी वाटणी. एका घरातल्या माद्या अंडी थेट पाण्यात सोडून देतात. दुसऱ्या घरातल्या ती पोटाखाली सांभाळतात. मार्टिन बर्कनरोड यांनी १९६३ मध्ये ही विभागणी नेमकी मांडली आणि आजही ती टिकून आहे. बाजारातली टायगर, पांढरी वगैरे मोठी कोळंबी आणि जवळा पहिल्या घरातले. चिंबोरी, शेवंड, शंखातला खेकडा दुसऱ्या. गंमत अशी की काही कोळंब्याही दुसऱ्या घरात आहेत. करंदीत कधी पोटाशी अंडी लगडलेली बारीक कोळंबी सापडते ना, ती टायगर प्रॉनपेक्षा चिंबोरीला जवळची आहे. दिसायला मात्र थेट कोळंबी.

अंडी नसली तरी ओळखता येतं. शेपटीच्या कड्यांच्या बाजूच्या पाळ्या बघा. मोठ्या कोळंबीत त्या कौलांसारख्या असतात, पुढचीची कड मागचीवर, तिची तिच्या मागचीवर. दुसऱ्या घरातल्या कोळंबीत दुसऱ्या कड्याची पाळी रुंद असते आणि ती पुढची व मागची, दोन्हींवर चढलेली असते. भिंग घेऊन लेकीला बसवा.

शेवंडीचं असं की आपल्याकडची शेवंड काटेरी शेवंडींच्या कुळातली, त्या कुळात मोठ्या नांग्या नसतातच. परदेशी चित्रांत दिसणारी नांग्यांची लॉबस्टर वेगळ्या कुळातली. झुरळाचं उद्या लिहितो, ते दोन ओळींत होणार नाही.

तिरफळ

सूक्ष्मदर्शी सर, खूप आभार. चिंबोऱ्या तर खाऊन झाल्या, पण कवचं अजून डब्यात होती, आत्ताच बाहेर काढली. पट्टी उघडून बघितली. लेक म्हणते, "म्हणजे ती शेपूट पोटाशी घेऊन झोपलीये."

खाडीकाठ

शेवंडीवरून आठवलं. चपटी शेवंड, जिचं तोंड खुरप्यासारखं, ती मुंबईच्या दर्यात पूर्वी भरपूर यायची. बाबा सांगतात, सुरुवातीला तिला फार भाव नव्हता. निर्यात सुरू झाली आणि ट्रॉलरनी अंड्यावरच्या माद्यांसकट उपसली. नव्वदच्या दशकात ती जवळजवळ संपलीच. वंशावळीत तिलाही जागा द्या ताई, काटेरीच्या शेजारी.

पागोळी

मी ओहोटीला मुलांना घेऊन वांद्र्याच्या आणि हाजीअलीच्या खडकांवर जाते. वंशावळीत सगळेच लोक एकाला विसरतात, म्हणून लिहिते. खडकांवर पाय कापणारे ते पांढुरके, ज्वालामुखीच्या तोंडासारखे बार्नॅकल, तेही कवचधारीच! चिंबोरीचे नातेवाईक.

दुपारचा_चहा

ती कालवं ना? कालवं तर शिंपल्यातली.

पागोळी

नाही, कालवं वेगळी, ती शिंपल्यांकडचीच. पण तुम्हाला वाटलं तसंच क्युव्हिएसारख्या मोठ्या शास्त्रज्ञालाही वाटलं होतं. त्याने बार्नॅकलना शिंपले-गोगलगायींच्या संघात टाकलं. चुनखडीचं घर, एका जागी चिकटलेला देह, दुसरं काय वाटणार?

उलगडा केला जॉन व्हॉन थॉम्प्सन यांनी. आयर्लंडमध्ये कॉर्कला ते लष्करी डॉक्टर होते. बारीक जाळीने समुद्रातले सूक्ष्म जीव गोळा करायचे आणि काचेच्या भांड्यात पाळून पुढे काय होतं ते बघायचे. त्यातले पाय मारत पोहणारे काही जीव भांड्याच्या तळाला चिकटले, अंगावरचं कवच टाकलं आणि त्यांचे बार्नॅकल झाले. १८३० मध्ये त्यांनी ते छापलं. त्याआधी दोन वर्षं त्यांनी असंच दाखवलं होतं की 'झोइया' नावाचा काटेरी सूक्ष्म प्राणी हा वेगळा प्राणी नसून खेकड्याचं पिल्लू आहे.

मला ही गोष्ट फार आवडते. नॉप्लियस, झोइया, मेगालोपा, फायलोसोमा या आज आपण पिल्लांच्या अवस्था म्हणतो, पण ही सगळी नावं आधी स्वतंत्र प्राणी समजून दिलेली. फायलोसोमा म्हणजे शेवंडीचं पिल्लू, पानासारखं चपटं, काचेसारखं आरपार. आईशेजारी ठेवलं तर कोणी नातं मान्य करणार नाही.

आणि डार्विनने १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं बार्नॅकलवर काढली. त्याने लावलेली त्यांची मांडणी आजचे अभ्यासकही आदराने उघडतात. ओहोटीला खडकावर बसून एखाद्या डबक्यात बघा, पाणी आलं की झाकण उघडून पिसासारखे पाय बाहेर येतात आणि अन्न आत ओढतात. डोक्यावर उभं राहून पायांनी जेवणारा प्राणी! आठ वर्षं कमीच वाटतात मला.

खाडीकाठ

पागोळीताई, एक विचारतो. तीन ठिपक्यांच्या चिंबोरीच्या पट्टीखाली कधीकधी पिवळट, गुळगुळीत पिशवी असते. अंडी नाहीत ती, दाणे दिसत नाहीत. म्हातारी माणसं अशी चिंबोरी परत टाकून देतात. काय असतं ते?

पागोळी

बहुतेक तोही बार्नॅकलच! सॅक्युलिना. याला ना चुनखडीचं घर, ना पाय, ना तोंड. खेकड्याच्या अंगात मुळांसारखे धागे पसरवून जगतो आणि स्वतःच्या अंड्यांची पिशवी नेमकी खेकडीण अंडी ठेवते तिथे बाहेर काढतो. खेकडीण तिला आपलीच अंडी समजून जपते. नराला लागण झाली तर त्याची पट्टी मादीसारखी रुंद होते आणि तोही जपतो. मोठेपणी तो कोण हे ओळखण्याची काही सोय नाही. पण त्या पिशवीतून नॉप्लियस बाहेर पडतात, आणि पिल्लांवरून कूळ कळतं.

आजीची_गोधडी

किती छान चर्चा. मला शास्त्र येत नाही, पण एक आठवण. लहानपणी आमच्या गावी पायऱ्यांची विहीर होती आणि घरोघर नारूचे रोगी. पायातून दोऱ्यासारखा जंत काडीवर गुंडाळत बाहेर काढायचे, महिना महिना. मग आरोग्य खात्याची माणसं आली आणि पाणी दुपदरी फडक्याने गाळा म्हणून सांगत फिरली. पाण्यातल्या कसल्या किड्यातून तो होतो म्हणायचे. तो किडा यांच्यातलाच का?

सूक्ष्मदर्शी

आजी, अगदी यांच्यातलाच. त्याचं नाव सायक्लॉप्स, कोपेपॉड गटातला. जेमतेम डोळ्याला दिसेल एवढा, कपाळावर एकच डोळा. नारूची अळी त्याच्या पोटात वाढते आणि पाण्याबरोबर तो गिळला की माणसात येते. फडक्यातून अळी गळून गेली असती, पण सायक्लॉप्स अडकतो, म्हणून तो उपाय चालला. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. कवचधारी म्हणजे फक्त ताटातले नव्हेत, हे तुमच्या आठवणीने बरं सांगितलं.

आता झुरळ.

जुनी मांडणी अशी: एकीकडे कवचधारी, पाण्यातले, स्पर्शिकांच्या दोन जोड्या, दुफाटे पाय. दुसरीकडे कीटक आणि गोम-पैसा, जमिनीवरचे, स्पर्शिकांची एकच जोडी, अंगात श्वासनलिका. मीही वर्षानुवर्षं हेच शिकवलं. नव्या मांडणीत कीटक गोमेकडून निघून कवचधाऱ्यांच्या घरात आले. शेजारी म्हणून नव्हे, घराच्या आतल्या एका खोलीत. या एकत्र कुटुंबाला पॅनक्रस्टेशिया म्हणतात.

तेव्हा तिरफळताई, तुमच्या दिरांच्या बोलण्यात खरं बीज आहे, पण वाक्य चुकलंय. कोळंबी झुरळ नाही. झुरळ कवचधाऱ्यांच्या एका शाखेचा वंशज आहे, आणि ती शाखा कोळंबीची नव्हे.

वडाची_साल

सर, आदर ठेवून असहमत. एक जोडी स्पर्शिका, श्वासनलिका, न फाटणारे पाय, शरीरातली घाण बाहेर टाकणाऱ्या नलिका. एवढी सगळी साम्यं गोमेत आणि कीटकात आहेत, ती काय योगायोगाने? डीएनएच्या एका आकडेमोडीवर दीडशे वर्षांची शरीररचना रद्द करायची हे मला पटत नाही.

सूक्ष्मदर्शी

प्रश्न रास्त आहे आणि मलाही पटायला वेळ लागला. मला पटलं ते असं.

तुम्ही सांगितलेली जवळजवळ सगळी साम्यं जमिनीवर राहण्याशी संबंधित आहेत. हवेत श्वास घ्यायचा, पाणी वाचवायचं. ही गरज ज्याला ज्याला पडली त्याने मिळतीजुळती सोय केली. कुंडी उचलल्यावर खाली गोळा होणारा करडा, चौदा पायांचा किडा बघितलाय? त्याच्या काही जातींत पोटाखालच्या पायांत श्वासाच्या नळ्यांचं जाळं तयार झालंय. तो तर सरळसरळ कवचधारी, कोळंबीच्याच मोठ्या घरातला. म्हणजे श्वासनलिका एकापेक्षा जास्त वेळा घडल्या.

उलट जमिनीशी ज्यांचा संबंध नाही अशा गोष्टी बघा. संयुक्त डोळ्याच्या प्रत्येक नळीत एक स्फटिकासारखा शंकू असतो, तो कीटकात आणि कवचधाऱ्यांत चार पेशींचा बनतो. म्हणून या कुटुंबाला टेट्राकोनाटा, चार शंकूवाले, असंही नाव आहे. मेंदूची आणि मज्जातंतूंची ठेवणही जुळते. १९९८ मध्ये बूर, लाव्रोव्ह आणि ब्राउन यांनी दाखवलं की पेशीतल्या ऊर्जाघराच्या डीएनएत एक बारीकसा जनुक मूळची जागा सोडून दुसरीकडे गेलाय, आणि तो नेमका त्याच जागी कीटकांत व कवचधाऱ्यांत सापडतो, गोमेत नाही. ही आकडेमोड नव्हे, सामान कुठल्या खोलीत ठेवलंय ते बघणं आहे. मग २०१० मध्ये रेजिए आणि सहकाऱ्यांनी ७५ संधिपादांचे ६२ जनुक तपासले, तिथेही कीटक कवचधाऱ्यांच्या आतच आले.

मोडीवाचक

मी आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीचं काम बघतो, त्यामुळे हे वाचून फारच ओळखीचं वाटलं. जुन्या आवृत्तीत कोकणात राहिलेल्या सगळ्या शाखा नीट आहेत. पण एक शाखा पेशवाईत माळव्यात गेली, तिकडे वतनाच्या गावावरून आडनाव बदललं, बोली बदलली. छापणाऱ्यांनी ती 'आपली' धरलीच नाही. आज त्या शाखेची माणसं कोकणातल्या सगळ्या शाखा मिळून होतील त्याहून जास्त आहेत. आणि कागद वाचल्यावर कळतं की ती देवगडच्या शाखेतून फुटली, म्हणजे देवगडकरांना राजापूरवाल्यांपेक्षा माळव्यातले जवळचे.

तेव्हा कवचधारी म्हणजे 'कुळातले, पण समुद्रावरच राहिलेले' एवढाच अर्थ झाला का?

सूक्ष्मदर्शी

मोडीवाचक, याहून चांगलं मला वर्गात कधी सांगता आलं नाही. अगदी तेच. कीटकांच्या दहा लाखांहून जास्त जातींची नोंद आहे आणि बाकी कवचधाऱ्यांच्या सत्तर हजारांच्या आतबाहेर. बाहेर पडलेली शाखाच फोफावली.

आणि तुमचे देवगडकर सापडले आहेत. १९७९ मध्ये जिल येगर बहामामधल्या एका पाण्याने भरलेल्या गुहेत उतरल्या होत्या. तिथे त्यांना गोमेसारखा लांब, आंधळा, पाठीवर पोहणारा प्राणी दिसला. त्या गटाला रेमिपीड म्हणतात. समुद्राला जोडलेल्या अंधाऱ्या गुहांत राहतात, भक्ष्याला विषारी दंश करतात. बहुतेक नव्या अभ्यासांत कीटकांचे सगळ्यात जवळचे नातेवाईक हेच ठरतात. चिंबोरीला रेमिपीडपेक्षा बार्नॅकल जवळचा, आणि रेमिपीडला चिंबोरीपेक्षा झुरळ जवळचं.

वडाची_साल

जनुकाच्या जागेचा मुद्दा वजनदार आहे, मान्य. मी मागे वाचलं होतं त्यात कीटकांजवळ ब्रँकिओपॉड, म्हणजे डबक्यांतल्या फेअरी श्रिंपचा गट, दाखवले होते, रेमिपीड नव्हे. मग तेही बदललं?

सूक्ष्मदर्शी

बदललं, पण फार लांब नाही. ब्रँकिओपॉड त्याच आतल्या दालनात आहेत, थोडे पलीकडच्या फांदीवर. खरी ओढाताण सेफॅलोकॅरिड नावाच्या गटाची आहे, हॉवर्ड सँडर्स यांनी १९५५ मध्ये लाँग आयलंडजवळच्या चिखलातून शोधलेले, तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान प्राणी. ते प्रत्येक नव्या अभ्यासात जागा बदलतात. २००१ मध्ये मार्टिन आणि डेव्हिस यांनी हयात कवचधाऱ्यांचं वर्गीकरण छापलं तेव्हा शेवटी जगभरच्या तज्ज्ञांची असहमतीची पत्रंही जोडली होती. आपल्या धाग्यासारखंच.

कोकणकडा

ब्रँकिओपॉड हा शब्द बघून आलो. पावसाळ्यात सह्याद्रीच्या सड्यांवर कातळात जी उथळ डबकी भरतात, त्यात पाठीवर पोहणारे पारदर्शक फेअरी श्रिंप दिसतात. २०१४ मध्ये त्यातल्या एकाचं नाव सह्याद्रीवरूनच ठेवलं, स्ट्रेप्टोसेफॅलस सह्याद्रिएन्सिस. डबकं सुकलं की अंडी मातीत आठ-नऊ महिने पडून राहतात आणि पुढच्या पावसात पुन्हा सुरू. म्हणजे सरांच्या हिशोबाने त्या डबक्यातला हा जीव शेजारून चाललेल्या मुठ्यापेक्षा, म्हणजे गोड्या पाण्यातल्या खेकड्यापेक्षा, वर उडणाऱ्या चतुराला जवळचा! पुढच्या वेळी कातळावर बसून हेच डोक्यात राहणार.

मुठ्यांचं पण एक सांगतो. गोड्या पाण्यातल्या आपल्या खेकड्यांत पोहणारं पिल्लूच नसतं. अंड्यातून थेट इवलासा खेकडा निघतो आणि काही दिवस आईच्या पट्टीखाली राहतो. त्यामुळे एक डोंगर ओलांडून दुसऱ्यावर जाणं त्यांना कठीण, आणि डोंगराडोंगराला वेगळी जात. अशा खेकड्यांच्या एका गटाला घाटियाना हे नाव २०१४ मध्ये दिलं गेलं, 'घाट' या आपल्या शब्दावरून. आणि मुंबईकरांसाठी: बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातही सापडणारा गेकार्सिन्युकस जॅकमोंटाय. ज्या व्हिक्टर जॅकमोंवरून त्याचं नाव, तो फ्रेंच निसर्गअभ्यासक १८३२ मध्ये मुंबईतच वारला.

नाडीपरीक्षा

झुरळाच्या बाजूने वैद्यकातला एक मुद्दा. कोळंबीची अ‍ॅलर्जी बहुतेकदा ट्रोपोमायोसिन या स्नायूतल्या प्रथिनाची असते. झुरळातलं तेच प्रथिन इतकं सारखं असतं की एकाची अ‍ॅलर्जी असलेल्याची दुसऱ्याची तपासणीही सकारात्मक येऊ शकते. पण यावरून नातं ठरवू नका, कारण गादीतल्या धुळीच्या सूक्ष्म किड्यांतही ते तसंच असतं, आणि ते तर विंचू-कोळ्यांकडचे. खूप जुनं प्रथिन आहे, सगळ्यांनी जपून ठेवलेलं. ज्यांना कोळंबीने अंगावर पित्त उठतं त्यांनी चिंबोरी-शेवंडही डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये, एवढं मात्र नक्की.

दुपारचा_चहा

अवांतर: ओडिशाच्या किनाऱ्यावर बघितलेला तो घोड्याच्या नालेसारखा खेकडा कुठे बसतो?

पागोळी

तो खेकडा नाहीच. विंचू-कोळ्यांच्या बाजूचा. १८८१ मध्ये लँकेस्टर यांनी हे मांडलं. या वंशावळीत नको.

दुपारचा_चहा

आणि शंखातला खेकडा? तो तरी खरा ना?

सूक्ष्मदर्शी

खऱ्या खेकड्यांचा चुलत. त्याचं घर वेगळं, आणि खेकड्यासारखा आकार त्या घराने स्वतंत्रपणे घडवलाय, एकदा नव्हे. शरीर चपटं आणि रुंद करायचं, शेपूट खाली दुमडायची. याला १९१६ मध्ये बोराडेल यांनी कार्सिनायझेशन हे नाव दिलं. थंड समुद्रातला अवाढव्य किंग क्रॅब शंखातल्या खेकड्यांच्या वंशातला आहे. त्याच्या मादीची पट्टी अजून एका बाजूला वाकडी असते, पूर्वज शंखाच्या वळणात राहायचे त्याची खूण. मुंबईच्या खडकांखाली चिनी मातीसारखा गुळगुळीत छोटा खेकडा मिळतो, तोही त्याच घरचा. नांग्या सोडून पायांच्या तीनच जोड्या दिसल्या तर समजा.

पागोळी

दगड उचललात तर हळूच, जसा होता तसा परत ठेवा. खाली तो एकटा नसतो.

वडाची_साल

एक शोधून आलो. लिनियसने १७५८ मध्ये खेकडे-कोळंब्या कीटकांतच ठेवल्या होत्या, 'बिनपंखांचे कीटक' म्हणून. त्यानंतर त्यांना वेगळं काढलं, आणि आता आपण कीटकांनाच त्यांच्यात नेऊन बसवतोय. माझी हरकत मागे घेतो. पण 'कवचधारी' हा शब्द मात्र टाकू नये असं अजूनही म्हणेन. कोळीवाड्यात आणि बाजारात तो नेमकं सांगतो.

मोडीवाचक

पूर्ण अनुमोदन. 'कोकणातले' हा शब्दही आम्ही टाकलेला नाही. फक्त तो पूर्ण कुळाचं नाव म्हणून छापत नाही.

तिरफळ

सगळे प्रतिसाद लेकीला वाचून दाखवले. तिचा एकच प्रश्न उरलाय: कोळंबी आणि झुरळ यांचा शेवटचा एकत्र पूर्वज किती जुना?

सूक्ष्मदर्शी

कँब्रियन काळातला, म्हणजे पन्नास कोटी वर्षांच्या आसपास. तुलनेसाठी: माणूस आणि पापलेट यांचा शेवटचा सामाईक पूर्वज सुमारे त्रेचाळीस कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे कोळंबी झुरळाला जेवढी जवळ, त्यापेक्षा आपण पापलेटाला जवळ आहोत. दिरांना हे जरूर सांगा.

खाडीकाठ

हे मी उद्या बंदरावर सांगणार. सगळे मला बर्फाच्या खोक्यात बसवतील, तरी सांगणार.

तिरफळ

दिरांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, "म्हणजे मी पापलेट." सासूबाई दोन दिवसांनी पहिल्यांदा हसल्या.

काल पुन्हा करंदी आणली. लेकीने भिंग घेऊन, ओट्यावर वर्तमानपत्र पसरून दोन ढीग केले: कौलांसारख्या पाळ्यांचे डावीकडे, दुसरी पाळी दोन्हीकडे चढलेली उजवीकडे. उजव्या ढिगात सात निघाल्या, त्यातल्या तिघींच्या पोटाशी अंडी होती. जवळ्याचे तीन-चार चुकार जीवही सापडले, सहा पाय मोजून वेगळे ठेवले. खाडीकाठ, तुमच्या आजींची रीत तिने तुमच्या नावाने वहीत लिहून ठेवलीये.

भिंतीवरचा कागद अजून पूर्ण नाही. झुरळाचं चित्र काढायला ती तयार नाही, तिथे चतुर काढलाय. सर, चालेल ना?

सूक्ष्मदर्शी

चालेल. दोघं एकाच फांदीवरचे. रेमिपीड पाठीवर पोहताना काढायला सांगा, पोट वर.

दुपारचा_चहा

आणि त्या करंदीचं काय केलंत शेवटी?

तिरफळ

वांगं घालून सुकी. डावीउजवी एकत्रच. लेकीने दोनदा घेतली.